ज्ञानदानाची पुढची पायरी



आहार, औषध आणि अभय यांच्या पंक्तीत आपल्या धर्माने ज्ञानदानालाही स्थान दिले आहे. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्या मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. हा वारसा आपला आहे.

आज हट्टा परिसरातील जिल्हा परिषद शाळांतील मुलांपुढेही संधी आहेत. पाचवीत परीक्षा देऊन वसमतच्या नवोदय विद्यालयात प्रवेश मिळू शकतो. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. आठवीत आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झालेल्या मुलास, अटी पूर्ण केल्यास, नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात.

परंतु उत्पन्नाचा दाखला, बँक खाते आणि अर्जाची मुदत यांत शेतमजूर पालक अडकतो. कागदांसाठी खेपा घालाव्यात, तर मजुरी बुडते. मुदत टळली की आठवीचे ते वर्ष परत येत नाही.

कागद आणि तारखा सांभाळणे हे तर आपणा व्यापाऱ्यांचे नित्याचेच काम! म्हणून वह्या-गणवेशांच्या वाटपाबरोबर प्रत्येक दुकानाने दरवर्षी एका मुलाचा अर्ज पूर्णत्वास न्यावा. मूल कोणत्या जातीचे, हे मात्र विचारू नये. सुवर्णमहोत्सवाचा हाच संकल्प असावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र!