सोनोग्राफीचे आकडे आणि घरातली काळजी

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



विहाराच्या कार्यक्रमात हा कसला विषय, असे काहींना वाटेल. पण पौर्णिमेची वंदना आटोपली की दिवस गेलेली एखादी पोरगी मागे रेंगाळते, पिशवीतून सोनोग्राफीची फाईल काढते आणि हळूच विचारते, "मावशी, यात बाळ कमी दाखवलंय का हो?" डॉक्टरांकडे गर्दी असते, पाच मिनिटांत नंबर उरकतो. कागद मात्र घरी येतो आणि रात्रभर उशाशी राहतो. आमच्या मंडळात दोघी परिचारिका आहेत. त्यांच्याकडून आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो.

कागदावर चार मापे असतात. बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी डोक्याचा घेर, एसी पोटाचा घेर आणि एफएल मांडीच्या हाडाची लांबी. प्रत्येक मापासमोर आठवडे छापलेले असतात, आणि ते चारही आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. डोके ३२ आठवड्यांचे, पोट ३० चे, असे दिसले की पोटात गोळा येतो. पण बाळ काही टेबलावर मापाला झोपलेले नसते. ते वळते, कुशीवर होते, पाय दुमडते. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाले की आठवडा बदलतो.

वजन तर कोणी केलेलेच नसते. या मापांवरून मशीन ते सूत्राने काढते. अमेरिकेतल्या हॅडलॉक या डॉक्टरांनी १९८५ साली मांडलेले सूत्र आजही अनेक मशीनमध्ये असते. त्यात १० ते १५ टक्के फरक पडू शकतो. म्हणजे कागदावर २ किलो असेल तर बाळ १७०० ग्रॅमचेही असेल, २३०० चेही असेल.

आता तारखेचा घोळ. वस्तीतल्या एका सुनेला आठव्या महिन्यात रिपोर्ट मिळाला. पाळीच्या हिशेबाने ३४ आठवडे, मापाने ३१ आठवडे ५ दिवस. घरी पोचेपर्यंत "बाळ सुकलं" असे झाले. सासूबाई म्हणाल्या, "खात नव्हतीस, मी सांगत होते." नवरा मोबाईलवर काहीबाही शोधत बसला. पोरीने दोन दिवस ताटाला नीट हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी माहेरून आईने पहिल्या सोनोग्राफीचा कागद आणला. तेव्हा पाळीप्रमाणे ११ आठवडे व्हायला हवे होते, माप निघाले होते ९ आठवड्यांचे. तिची पाळी पहिल्यापासून मागेपुढे व्हायची, दिवसच उशिरा राहिले होते. डॉक्टरांनी तारीख दुरुस्त केली आणि बाळ जिथे असायला हवे तिथेच निघाले.

पहिल्या तीन महिन्यांतल्या मापात फरक पडला तर पाच-सात दिवसांचा. शेवटच्या तीन महिन्यांत तोच तीन आठवड्यांपर्यंत जातो. म्हणून पहिला कागद सोन्यासारखा जपा. बाळंतपणाला माहेरी जाताना तो सासरच्या कपाटात राहतो, हे आम्ही किती वेळा पाहिले!

"पर्सेंटाईल" या शब्दानेही घरे हादरतात. तेवढ्याच आठवड्यांची १०० बाळे वजनाप्रमाणे ओळीने उभी केली, तर आपले कितवे, एवढाच त्याचा अर्थ. १० वा म्हणजे १०० पैकी १० मार्क नव्हेत. कोणीतरी दहावे असणारच, आणि लहान चणीच्या आईचे बाळ लहान चणीचे पण ठणठणीत असू शकते. मात्र १० च्या खाली आकडा आला की डॉक्टर जास्त लक्ष देतात, ३ च्या खाली आला तर फारच, आणि ते बरोबर आहे.

पण म्हणून "आपल्या लोकांची लेकरं बारीकच असतात" हे आम्ही ऐकून घेणार नाही. जगातल्या आठ शहरांत गर्भाच्या वाढीचा मोठा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या आठांत आपले नागपूर होते. आई निरोगी, खाऊनपिऊन नीट असेल तर नागपूरचे बाळ आणि ऑक्सफर्डचे बाळ पोटात जवळजवळ सारखेच वाढते, असे त्यात दिसले. तेव्हा रक्ताला आणि कुळाला दोष देऊ नका. सुनेच्या ताटात डाळ, अंडे, पालेभाजी आहे का, लोहाच्या गोळ्या ती रोज घेते का, ते बघा. आणि मिश्री! मिश्रीने बाळाचे वजन घटते. सासू-सून दोघींनी मिळून सोडली तर सुटते, एकटीची सुटत नाही.

दुसऱ्या एकीचे असे सुखासुखी झाले नाही, तेही सांगितले पाहिजे. ३२ व्या आठवड्यात तिच्या बाळाच्या पोटाचा घेर कमी आला. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तर वाढ जेमतेम, आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहतात ती डॉप्लर तपासणीही बिघडलेली. डॉक्टरांनी ३६ व्या आठवड्यात बाळंतपण केले. मुलगी १ किलो ८०० ग्रॅम. आईने, ती थकली की आजीने, उघड्या छातीशी धरून ते लेकरू उबेत ठेवले. आज ती याच अंगणात चपला हरवते. तिची आई घाबरली होती, पण तपासण्या तिने चुकवल्या नाहीत.

एका कागदावरून वाढ कळत नाही, दोन कागदांमधल्या अंतरावरून कळते. म्हणून डॉक्टर दोन आठवड्यांनी बोलावतात. घाबरून चारच दिवसांत दुसऱ्या सेंटरला धावू नका. तेवढ्यात बाळ जितके वाढते, त्याहून मापातली चूक मोठी असते. पैसे जातात आणि घोर वाढतो.

मधले ते दोन आठवडे फार जड जातात. नुसते झोपवून ठेवल्याने बाळ वाढते असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा पोरीला खाटेला बांधू नका. रात्री झोप येत नसेल तर दहा मिनिटे आनापान करावे. त्याने बाळाचे वजन वाढत नाही, पण आईचा जीव जरा थाऱ्यावर येतो. आणि सासरच्यांनी त्या दिवसांत "अमकीचं असंच झालं होतं" हे पुराण बंद ठेवावे. ग्रहण पाळणे आपण सोडले, मग सुनेने काय चिरले, कुठे हात वर केला, याचा हिशेब आता कशाला?

काही गोष्टींना मात्र दोन आठवडे काय, सकाळसुद्धा बघायची नाही. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेले, रक्त दिसले, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर १०८ ला फोन लावा आणि निघा. रिपोर्ट कालच चांगला आला होता म्हणून थांबू नका.

पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे. नवऱ्यांनी त्या दिवशी अर्धी सुट्टी काढावी. डॉक्टरांपुढे बायकोची जीभ अडखळते, तेव्हा शेजारी उभे राहून त्यांनी विचारावे: तारीख कोणत्या सोनोग्राफीवरून धरली? मागच्या वेळेपासून वाढ किती? पुन्हा कधी यायचे?

आम्ही दर पौर्णिमेला वंदनेनंतर विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. आम्ही डॉक्टर नाही, रिपोर्टचा निकाल देत नाही. पण डॉक्टरांना काय विचारायचे ते कागदावर लिहून देतो, आणि कोणी सोबतीला नसेल तर आमच्यातली एक बरोबर येते. येताना पहिल्या सोनोग्राफीचा कागद तेवढा घेऊन या.