स्वागताध्यक्षीय भाषण : नळाचा हिशेब आणि कॉलमचा हिशेब



अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणले. वाटेत ठिकठिकाणी हवेसाठी उच्छ्वास बांधले. इमारत सेवांवर बोलायला आपण अशा या पुण्यात जमलो आहोत, याचा यजमान म्हणून मला अभिमान वाटतो.

आपला स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी बीम, कॉलम, स्लॅब मन लावून शिकतो. पाणी, सांडपाणी, वीज, वायुवीजन, लिफ्ट, अग्निशमन हे मात्र दुसऱ्या कुणाचे तरी काम, असे नकळत त्याच्या मनावर ठसते. माझे म्हणणे एवढेच आहे की, सेवांचा विचार केल्याशिवाय सांगाड्याचे डिझाइन पुरे होतच नाही.

साधा हिशेब पाहा. घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरण्याची आपल्याकडे रीत आहे. ४० सदनिका, प्रत्येकी पाच माणसे, म्हणजे दिवसाला २७,००० लिटर. त्यातले निम्मे गच्चीवरच्या टाकीत साठवायचे ठरले, तर नुसत्या पाण्याचाच साडेतेरा टन भार कॉलममधून पायापर्यंत उतरतो. नळाचा हिशेब चुकला, की कॉलमचा चुकलाच.

आता न्हाणीघरात या. सांडपाण्याचा १०० मिलिमीटरचा पाइप साठास एक उताराने नेला, तर तीन मीटरला ५० मिलिमीटर उतार लागतो. पाइपचा व्यास, नहाणी ट्रॅपची उंची आणि हा उतार, सगळे सन्क स्लॅबच्या खोलीत बसले पाहिजे. नाही बसले, तर साइटवर उतार मारला जातो, पाणी तुंबते आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. स्लीव्ह टाकायची राहून गेली, तर काँक्रीट झाल्यावर कोअर कटिंगवाला येतो आणि बीमची सळई कापून जातो. गळती निदान दिसते. कापलेली सळई प्लास्टरखाली झाकली जाते.

या विषयाचे पुस्तक आपल्या हाताशी आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षेला, आठवा इमारत सेवांना आणि नववा प्लंबिंगला वाहिलेला आहे. वर्गात ते पुस्तक उघडले मात्र पाहिजे.

म्हणून यजमान या नात्याने तीन मागण्या करतो. प्राध्यापकांनो, अंतिम वर्षाच्या प्रकल्पात एकाच इमारतीची आरसीसी, प्लंबिंग, वीज आणि अग्निशमनाची ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून तपासून घ्या. सल्लागार मित्रांनो, स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी मुलांना साइटवर बोलवा. सळया, स्लीव्ह आणि विजेचे कंड्युट एकत्र उघडे दिसतात ते तेव्हाच. आणि विद्यार्थ्यांनो, प्लंबर, वायरमन यांना प्रश्न विचारायला संकोचू नका.

आपण इथून जाल, तेव्हा पुढच्या सत्राच्या अभ्यासक्रमात इमारत सेवांना जागा देण्याचा निश्चय करूनच जावे, ही विनंती.