नारोशंकराची घंटा आणि तिचा सुभेदार
(जीर्णोद्धार सोहळ्यात झालेले भाषण)



नाशिकला गोदावरीकाठी रामेश्वराचे देऊळ आहे. लोक त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणतात. पूर चढला की 'नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले का?' असे विचारतात. घंटा पाहिलेले पुष्कळ, पण तो नारो शंकर कोण, हे सांगणारे थोडे.

आडनाव दाणी, किताब राजेबहाद्दर. मालेगावचा मोसमकाठचा भुईकोट त्यांनीच बांधला. १७४२ साली पेशव्यांच्या वतीने ते बुंदेलखंडात गेले आणि झाशीचे सुभेदार झाले. ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेला किल्ला त्यांनी वाढवला. त्या भागाला शंकरगड म्हणतात. पायथ्याशी शहर वसवले, ओर्छ्याची माणसे आणली, महाराष्ट्रातली कुटुंबेही नेली. १७५७ साली पुण्याहून बोलावणे आले आणि सुभा सुटला. पुढे १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई इंग्रजांशी झुंजल्या, त्या याच किल्ल्यातून.

खरी कसोटी दिल्लीत लागली. १७६० साली भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली आणि पुढे जाताना सहा-सात हजार लोकांनिशी ती नारो शंकरांवर सोपवली. पानिपतावर लष्कर उपाशी पडले होते. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली तुकडी जानेवारी १७६१ मध्ये रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपली छावणी समजून थेट अफगाणांच्या गोटात शिरली! १४ जानेवारीला सर्वनाश झाला आणि नारो शंकर दिल्ली सोडून निघाले. त्याबद्दल त्यांना बोल लावणारे आहेत. मला तो अन्याय वाटतो. एवढ्याशा शिबंदीने अब्दालीपुढे दिल्ली राखायची तरी कशी?

आता देवळाकडे येऊ, कारण आज आपण देवळासाठीच जमलो आहोत. ते १७४७ सालचे, म्हणजे सुभेदारीच्या ऐन भरातले. खर्च अठरा लाख सांगतात. घंटा पोर्तुगीज घडणीची, तिच्यावर १७२१ साल आहे; १७३९ च्या वसईच्या विजयाची ती खूण मानतात. म्हणजे चर्चची घंटा महादेवापुढे आली. आणि पैसा? सुभेदाराचा पैसा म्हणजे बव्हंशी सुभ्याचा वसूल. तसे असेल तर त्या दगडांत बुंदेलखंडातल्या कुणब्याचाही घाम आहे, आणि त्याचे नाव तिथे कुठेच कोरलेले नाही. आपल्या समितीने पायलीभर ज्वारी देणाऱ्या म्हातारीचेही नाव यादीत घातले, हे मला फार आवडले.