मधुमेहाची चाहूल

सारखी लागणारी तहान, रात्री लघवीसाठी पुन्हापुन्हा उठणे, पोटभर खाऊनही उतरणारे वजन, लवकर न भरणारी जखम, अंधुक दृष्टी, पायांना येणाऱ्या मुंग्या ही मधुमेहाची परिचित लक्षणे होत. ती दिसल्यास तपासणीला विलंब करू नये. परंतु हा रोग कित्येकांच्या देहात वर्षानुवर्षे मुकाट्याने वावरतो, हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे.

बेंगळूरच्या बेळ्ळंदूर परिसरातील संगणक-कचेऱ्यांत दिवसभर खुर्चीवर बसणारा एखादा मराठी तरुण सडपातळ असला, म्हणजे तो निर्धास्त असतो. हा भ्रम पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दूर केला. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी व लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी स्वतःच्याच देहांची तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण चरबी मात्र यडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! भारतीय देह दिसण्यात कृश आणि आतून मेदयुक्त असू शकतो, तो असा.

म्हणून तिशी गाठताच रक्त तपासून घ्यावे. आईवडिलांस मधुमेह असल्यास, पोट सुटले असल्यास वा गरोदरपणी साखर वाढली असल्यास त्याहीपूर्वी घ्यावे. आठ तासांच्या उपवासानंतर १०० मिलिलिटर रक्तात साखर १०० मिलिग्रॅमहून कमी असावी. १०० ते १२५ हा इशारा समजावा. १२६ वा अधिक भरल्यास डॉक्टरांकडून फेरतपासणीने खात्री करून घ्यावी.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.