धंद्यातील पत आणि जाणकारी
(सोसायटीच्या वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



परीक्षांचे निकाल लागले की पालक भेटतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "मुलाला नोकरीचा भरवसा नाही, तेव्हा एखादा धंदा टाकून द्यावा म्हणतो. कोणता टाकावा?" हा प्रश्न विचारताना त्यांच्या मनात गाळ्याचे डिपॉझिट, फर्निचर आणि माल यांचा हिशेब चाललेला असतो. त्या हिशेबाच्या आधीचा एक हिशेब मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. आपल्या मुलाला असे कोणते काम येते, की ज्याबद्दल चार माणसे त्याचा सल्ला विचारायला येतील? याचे उत्तर आपल्यापाशी असेल, तर गाळा आडगल्लीत असला तरी चालेल. उत्तर नसेल, तर बाजारपेठेतील मोक्याचा गाळाही फार दिवस तारणार नाही.

भांडवल कर्जाने उभे करता येते. पत मात्र कोणी उसनी देत नाही. धंद्यातील पत म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातील दोन विश्वास होत. या माणसाला आपले काम खरोखर कळते, हा पहिला. आणि तो आपल्या अडाणीपणाचा फायदा घेणार नाही, हा दुसरा. काम कळणारा पण लबाड, किंवा सज्जन पण काम न कळणारा, अशा दोघांकडेही गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

माझ्या पाहण्यातील एक गृहस्थ बारा वर्षे आखातात वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत होते. गावी परतल्यावर शेजाऱ्याचे पाहून त्यांनी सगळी शिल्लक घालून मोबाइलचे दुकान थाटले. त्या धंद्यातील त्यांना काही ठाऊक नव्हते, आणि पेठेत तशी पाच दुकाने आधीच होती. दोन वर्षांत दुकान बंद झाले. त्याच काळात तालुक्यातील हॉटेलवाले, डॉक्टर आणि मासळीचे व्यापारी आपली यंत्रे बिघडली की शहरातून कारागीर बोलावीत होते आणि त्याची दोन-दोन दिवस वाट पाहत होते. बारा वर्षांची विद्या अंगी असलेला माणूस गावातच मोबाइलची कव्हरे विकत बसला होता, हे त्यांना कळले नाही. कारण त्याने स्वतःच ते कोणाला सांगितले नव्हते. नुकसान त्या गृहस्थांचे झाले आणि गावाचेही झाले.

आता जाणकार म्हणून नाव कसे मिळते, हे पाहू. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचयाचे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. त्यांनी मुंबईतून सायकली घेऊन पाठवाव्यात आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावला त्या विकाव्यात, असा त्यांचा पहिला व्यवसाय होता. रामूअण्णा नुसती सायकल विकून थांबत नसत, ती चालवायलाही शिकवीत. पुढे लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. आपण त्या शेतकऱ्यांना हसू नये. नांगर वाईट निघाला असता, तर कारखानदाराचा एक नांगर परत आला असता. शेतकऱ्याचे मात्र सबंध वर्ष बुडाले असते. ज्याची जोखीम मोठी, तो उशिरा विश्वास टाकतो. जाहिरातीतील शब्दांनी ती शंका फिटत नाही. नांगराने शेत नांगरून दाखवावे लागते, आणि पीक येईपर्यंत धीर धरावा लागतो. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, ती या धीराच्या पायावर.

दुसरे उदाहरण डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांचे. ते १८९८ साली अलीगढला जन्मले, जर्मनीत रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९३५ साली त्यांनी मुंबईत औषधांची कंपनी स्थापन केली. तिलाच आपण सिप्ला या नावाने ओळखतो. औषधाच्या धंद्यात विश्वासाचा प्रश्न फार नाजूक असतो, कारण गोळीत काय आहे ते रोग्याला दिसत नाही आणि डॉक्टरलाही दिसत नाही. २००१ साली, त्यांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद कंपनीचे प्रमुख असताना, सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार एका रोग्यासाठी वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना तेव्हा वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येत असे. साहजिकच शंका निघाली, की इतके स्वस्त औषध चांगले असेल काय? तिला उत्तर तपासणीने मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने एड्सवरील तपासलेल्या औषधांची पहिली यादी मार्च २००२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत मोठमोठ्या परदेशी कंपन्यांच्या शेजारी सिप्लाचीही औषधे होती. आमच्यावर विश्वास ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. या, आमचा माल तपासा, असे म्हणणाऱ्याला आधी आपले घर नीट ठेवावे लागते.

आपण म्हणाल, ही फार मोठी माणसे. आम्हां लहान माणसांनी काय करावे? विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या बेताने करता येण्याजोग्या चारच गोष्टी सांगतो.

पहिली : क्षेत्र लहान निवडा. "सर्व प्रकारची कामे केली जातील" अशी पाटी लावणाऱ्याकडे अवघड काम कोणी आणत नाही. पाण्याचे पंप दुरुस्त करणार असाल, तर तालुक्यातील सर्वांत बिकट पंप तुमच्याकडे यावा, अशी तयारी करा.

दुसरी : वही ठेवा. कोणाचे यंत्र, कोणत्या तारखेला, काय बिघडले, कोणता भाग बदलला, किती पैसे घेतले, हे लिहून ठेवा आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्या. पाच वर्षांनी त्या वहीतून तुम्हाला जे शिकायला मिळेल, ते कोणत्याही पुस्तकात नसेल. आणि तंटा निघाला, तर तीच तुमची साक्ष असेल.

तिसरी : जे येत नाही ते येत नाही म्हणा, आणि ज्याला येते त्याचा पत्ता द्या. त्या दिवशीची मजुरी जाईल. परंतु पुढच्या वेळी तुम्ही "हे होईल" म्हणालात, तर गिऱ्हाईक दुसरीकडे चौकशी करणार नाही.

चौथी : जे कळते ते मोकळ्या मनाने सांगा. दुरुस्तीस आलेल्या माणसाला, पुन्हा बिघाड होऊ नये म्हणून काय करावे, हेही समजावून द्या. आपली विद्या सांगितली तर धंदा बसेल, ही भीती व्यर्थ आहे.

कोकणातील पालकांना हे आंब्याच्या पेटीवरून चटकन कळेल. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. हापूस या नावाखाली बाहेरचा आंबा खपविणाऱ्यांना त्यामुळे आळा घालता येतो. परंतु मानांकन आंब्याचा मुलूख सांगते; पेटीच्या खालच्या थरात काय आहे, ते सांगत नाही. वर मोठी फळे आणि तळाशी बारकी, अशी पेटी मुंबईला पाठविणारा एका मोसमात चार पैसे अधिक मिळवील. कार्बाइड घालून आंबा पिकविणे तर कायद्यानेच बंद आहे. उलट हा आंबा कोणत्या बागेतला, कधी उतरविला, किती दिवसांनी खावा, हे जो चिठ्ठी लिहून सांगतो आणि नासलेली फळे कुरकुर न करता बदलून देतो, त्याच्याकडे पुढील वर्षाची मागणी मोहर येण्याआधीच नोंदविलेली असते.

शेवटी पालकांना दोन गोष्टी विनवून सांगतो. मुलगा उत्तीर्ण झाला, की लगेच त्याला गल्ल्यावर बसवू नका. दोन वर्षे त्याला चांगल्या कारागिराच्या हाताखाली राहू द्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे कारखान्यांत उमेदवारी करणाऱ्या तरुणांना विद्यावेतनही मिळते. तो काळ वाया गेला असे समजू नका. तोच त्याच्या धंद्याचा खरा पाया आहे.

दुसरी गोष्ट मुलींविषयी. आपल्या समाजातील कितीतरी मुली आणि गृहिणी घरी शिवणकाम करतात, मसाले, लोणची तयार करतात. हात त्यांचा, चव त्यांची, आणि गिऱ्हाइकाशी बोलणारा, बिलावर नाव घालणारा मात्र भाऊ किंवा नवरा. मग जाणकार म्हणून नाव कोणाचे होणार? अन्नपदार्थ विकायचे असतील, तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी करावी लागते. ती तिच्या नावावर करा, बँकेतील खाते तिच्या नावावर उघडा, आणि मसाल्याबद्दल कोणी काही विचारले तर उत्तर तिला देऊ द्या. उद्या घरावर प्रसंग आला, कर्ता पुरुष आजारी पडला किंवा परदेशी अडकला, तर त्या घराला तिचीच पत उपयोगी पडेल.

या संस्थेत शिकून जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आपले एक काम निवडावे आणि त्याच्या वहीचे पहिले पान याच वर्षी लिहावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.