डिझेल इंजिनाला पर्याय : ऊन साठत नाही, पाणी साठते



भातकापणी झाली की नदी-ओहोळाच्या काठी डिझेल इंजिनांची फटफट सुरू होते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पुऱ्या भाराने चालले तर तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. भाजीचे पैसे हाती पडण्याआधीच तेलात जातात. आणि हे तेल तरी आपले कुठे? देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक परदेशातून येते. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा काही महिन्यांतच भाव चौपट झाले होते.

मग सौर पंप बसवला की काम झाले का? नाही. डिझेल डब्यात भरून ठेवता येते, ऊन ठेवता येत नाही. खरी अडचण हीच. पण तिचा उपाय आपल्याच मुलखात शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. टाटांनी मावळात घाटमाथ्यावर पावसाचे पाणी अडवले आणि ते मोठ्या नळांतून खाली सोडून १९१५ साली खोपोलीला, १९२२ साली भिवपुरीला वीज केली. साठवले ते पाणी, वीज नव्हे. भिवपुरीचे तेच पाणी पुढे राजनाल्यातून कर्जतच्या उन्हाळी भाताला मिळते.

आपणही तेच करायचे.

१) शेताच्या उंच कडेला टाकी बांधा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, पाच फूट खोल टाकीत सुमारे १४ हजार लिटर पाणी मावते. दिवसा पंपाने भरा, सांजसकाळ पाटाने किंवा ठिबकने सोडा.

२) सौर पाट्यांचे तोंड दक्षिणेला ठेवा. झाडाची सावली नको. धूळ पुसत जा.

३) लहान पंपावर उन्हाळी भाताचे मोठे क्षेत्र धरू नका. वाल ओलीवरच येतो. पंपाचे पाणी काकडी, भेंडी, कारल्याला द्या.

४) पहिल्याच वर्षी इंजिन विकू नका. ढगाळ दिवसांत ते उपयोगी पडेल.

राज्य शासनाच्या २०२४ सालच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के ठेवला आहे. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. महावितरणच्या कार्यालयात चौकशी करा. मात्र आधी विहिरीला मार्च-एप्रिलात पाणी किती राहते ते पाहा. विहीर कोरडी असेल तर ऊन तरी काय उपसणार?

रामराम.