वायरिंग बदलल्यानंतरचा तांबडा दिवा

इंजिनाचे वायरिंग बदलून मोटार घरी येते, मालक किल्ली फिरवितो, इंजिन सुरू होते आणि तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा विझण्याचे नाव घेत नाही. यानंतर जे घडते ते बहुतेक ठरलेलेच असते. उस्ताद म्हणतात, "सेन्सर गया, साब." राणीगंजच्या बाजारात माणूस जातो, नवा सेन्सर येतो, पैसे दिले जातात, दिवा मात्र पूर्ववत जळत राहतो. मग कोणीतरी सुचवितो की, वायरिंग नवे आहे, चार दिवसांत बसेल, तोवर दिव्याकडे पाहू नका. श्रोतेहो, हा शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे. दिवा खरे बोलत असेल, तर चार दिवस सोडाच, चार मैलांतही इंजिनाच्या बेअरिंगा भाजून निघतील.

आपल्या बरकतपुऱ्यासारख्या वस्तीत हा प्रसंग दुर्मीळ नाही. आवारात आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या मोटारी येथे आहेत, आणि उभ्या मोटारीच्या बॉनेटखालची ऊबदार जागा उंदरांना मानवते. २०२० सालच्या ऑक्टोबरात या शहरावर एका दिवसरात्रीत सुमारे १९ सेंटिमीटर पाऊस कोसळला आणि सखल भागांतील कित्येक मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. अशा मोटारीच्या कपलरांत शिरलेला ओलावा पितळी पिनांवर हिरवी बुरशी चढवितो, आणि दुखणे महिन्यांनंतर वर येते. एकेक तार जोडण्यापेक्षा सबंध जाळेच बदलावे, हा निर्णय तेव्हा योग्यच असतो.

पूर्वीच्या पुष्कळ मोटारींत दाब दाखविण्याची रीत सरळ होती. इंजिनातून एक बारीक नळी थेट चालकासमोरच्या काट्याच्या घड्याळापर्यंत येई. तेलाचा दाब स्वतःच काटा हलवी. पुढे स्वस्ताईसाठी घड्याळ गेले आणि दिवा आला. साध्या मोटारीत इंजिनाच्या अंगात एक दाबाची कळ बसविलेली असते. दाब नसताना ती दिव्याची तार इंजिनाच्या लोखंडाला जोडते, म्हणून दिवा जळतो. पुष्कळ लहान मोटारींत दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३ ते ०.५ किलोग्रॅमपर्यंत चढला की कळ उघडते आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा दाब मोजत नाही, तार लोखंडाला लागली आहे की नाही एवढेच तो सांगतो. ती कळीतून लागली की वाटेत कोठे चेपून लागली, हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून पहिली तपासणी तेलाची. इंजिन बंद करून पट्टी पाहावी. पातळी बरोबर असल्यास कळ काढून तिच्या जागी दाबाचे घड्याळ लावावे आणि क्षणभर इंजिन चालवून आकडा कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावा. या घड्याळाचे भाडे किंवा मजुरी मागितली, तर मालकाने घासाघीस करू नये. आकडा कमी असेल तर वायरिंगची चर्चा तेथेच थांबते.

दाब ठीक असेल तर तारेकडे वळावे. एकाच तारेची कळ असलेल्या मोटारीत युक्ती सोपी आहे. किल्ली चालू ठेवून कळीवरची तार काढावी. दिवा विझला, तर तार निर्दोष आणि संशय कळीवर. न विझला, तर नवे जाळे वाटेत कोठेतरी लोखंडाला टेकले आहे, बहुधा एखाद्या पट्टीखाली चेपले गेले आहे. नंतर तार मुद्दाम इंजिनाला टेकवावी. दिवा लागला पाहिजे. दोन-तीन तारांचा सेन्सर असलेल्या नव्या मोटारीत मात्र हा प्रयोग मुळीच करू नये.

माझ्या मते वायरिंग बदलल्यावर सर्वांत दुर्लक्षित राहणारी वस्तू म्हणजे अर्थची तार. जुने जाळे काढताना तिचा स्क्रू सुटतो आणि बसविताना ती रंगावर, गंजावर किंवा भलत्याच बोल्टाखाली बसते. अर्थ कच्चा असला म्हणजे एका दुखण्याची चार सोंगे दिसतात: दिवे मंद, काटे वेडेवाकडे, दोन-तीन इशारे एकदम. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून स्टार्टर फिरवावा, आकडा ०.२ व्होल्टच्या फार वर गेला तर प्रथम अर्थ साफ करावा. मीटरच्या नुसत्या 'टुँ' आवाजावर विसंबू नये. तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी तो आवाज येतो. प्रवाह वाहू लागला की त्याची लाज उघडी पडते. आणखी एक बारीक गोष्ट: कळीच्या आट्यांवर गळती थांबविण्यासाठी पांढरी टेप जाड गुंडाळली, तर कळीचा लोखंडाशी संबंध तुटतो. तेव्हा दिवा कधीच लागत नाही आणि मालक निर्धास्त होतो!

तापमानाच्या सेन्सरची गोष्ट थोडी निराळी. पाणी तापेल तसा त्याचा विरोध कमी होतो, आणि इंजिनाचा संगणक त्यावरून अंदाज बांधतो. तार तुटली तर संगणकाला इंजिन हिमालयाहूनही थंड वाटते. पुष्कळ मोटारींत तो मग सावधगिरीने पंखा सतत फिरवीत राहतो. तपासणी-यंत्र लावले की 'पी ०११८' असा संकेत येतो, आणि उस्ताद पुन्हा सेन्सर मागवितात. वस्तुतः हा संकेत सेन्सर बिघडल्याचे सांगतच नाही. त्या मंडलातील व्होल्टता फार वर गेली, एवढेच सांगतो, आणि तुटलेली तार किंवा कपलरात मागे सरकलेली पिनही तेच घडविते. 'पी ०११७' आला तर उलट, तार कोठे अर्थला लागली आहे काय ते शोधावे. नव्या जाळ्यात मागे सरकलेली पिन हे फार नेहमीचे कारण आहे. कपलर बाहेरून घट्ट बसलेला दिसतो आणि आत पिनेला पिन भेटलेलीच नसते. शेजारशेजारच्या सारख्या आकाराच्या दोन कपलरांची अदलाबदलही होते.

किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, सारे इशारे क्षणभर लागतात की नाही हे गाडी ताब्यात घेताना मालकाने स्वतः पाहावे. जो दिवा तेव्हा लागला नाही, तो जळत राहणाऱ्या दिव्याहून अधिक काळजीचा. आणि काढलेले जुने वायरिंग भंगारवाल्यास लगेच देऊ नये. गाडीचे साल किंवा नमुना थोडा बदलला तरी जाळ्यातील रंग आणि जागा बदलतात. नवे चुकीचे आले आहे काय, हे जुने शेजारी पसरून ताडल्यावाचून कळत नाही.